‘तपासा’ आणि ‘बदला’

वाचकाचे पत्र : मी निवृत्त शिक्षिका असून बडोद्याच्या अकोटा भागात एकटीच राहते. नोव्हेंबर २०२१ मध्ये घेतलेली, कंपनीनेच सीएनजी बसवून दिलेली छोटी गाडी मी स्वतः चालवते. ती ३८,००० किलोमीटर चालली आहे. महिन्यातून एकदा एक्सप्रेसवेने अहमदाबादला बहिणीकडे जाणे होते. ऑगस्ट २०२४ च्या पुरात गाडीत मॅट भिजण्याइतके पाणी शिरले होते. विम्यातून सफाई झाली. वाढीव वॉरंटी आता संपली आहे. यंदाच्या सर्व्हिससाठी कंपनीच्या सर्व्हिस सेंटरने १९,४०० रुपयांचे एस्टिमेट दिले. दांडिया बजारातल्या आमच्या जुन्या घराजवळचा गॅरेजवाला तेच काम ६,५०० रुपयांत करतो म्हणतो. सेंटरमधला मुलगा म्हणाला, ‘बेन, बाहेर हात लावू दिलात तर वॉरंटी-बिरंटी काही राहणार नाही.’ भाचा म्हणतो की सेंटरवाले बाईमाणूस बघून लुटतात. मी कोणावर विश्वास ठेवावा? दोन्ही कागद सोबत पाठवत आहे. आणि गॅरेजवाल्याकडे पदवी वगैरे काही नाही, ते चालेल ना?

ताई, सप्रेम नमस्कार.

तुम्ही दोन्ही कागद जोडलेत हे फार बरे केलेत, कारण पत्र वाचून माझे जे मत झाले होते ते कागद पाहिल्यावर बदलले. ‘गॅरेजवाला तेच काम ६,५०० रुपयांत करतो’ असे तुम्ही लिहिले आहे. पण ते ‘तेच काम’ नाही. गॅरेजवाल्याच्या चिठ्ठीवर चारच बाबी आहेत : इंजिन ऑइल व त्याचा फिल्टर, एअर फिल्टर, पुढचे ब्रेक पॅड आणि मजुरी. सर्व्हिस सेंटरच्या एस्टिमेटमध्ये याच चार बाबी अनुक्रमे २,४००, ४५०, २,६०० आणि २,००० रुपयांना आहेत, म्हणजे एकूण ७,४५०. सारख्या कामाची सारख्या कामाशी तुलना केली तर फरक ९५० रुपयांचा निघतो. बाकीचे जवळजवळ १२,००० रुपये हे सेंटर महाग असल्यामुळे वाढलेले नसून यादी लांब असल्यामुळे वाढलेले आहेत. तेव्हा गाडी कोणाकडे न्यावी हा प्रश्न थोडा बाजूला ठेवून, यादी कोणी करायची हा प्रश्न आपण आधी सोडवू.

यादी करणारा आधीच तुमच्या गाडीत बसला आहे. डॅशबोर्डच्या खणात गाडीबरोबर मिळालेले जाड मॅन्युअल असेल. त्याच्या शेवटी देखभालीचा तक्ता असतो. आडव्या रांगेत किलोमीटर आणि महिने, उभ्या रांगेत गाडीचे एकेक अंग, आणि प्रत्येक चौकोनात बहुधा ‘आय’ किंवा ‘आर’ यांपैकी एक इंग्रजी अक्षर. ‘आय’ म्हणजे तपासा, ‘आर’ म्हणजे बदला. तुम्ही आयुष्यभर उत्तरपत्रिका तपासल्या आहेत, म्हणून हा तक्ता वाचायला तुम्हाला दहा मिनिटेही लागणार नाहीत. ४०,००० किलोमीटर किंवा ४८ महिने यांपैकी तुमच्या गाडीला जे आधी लागू होते, तो स्तंभ घ्या आणि एस्टिमेटमधील एकेक ओळ त्याच्याशी ताडून पाहा. फुगलेल्या एस्टिमेटचे गुपित बहुतेक वेळा एवढेच असते की तक्त्यात जिथे ‘तपासा’ लिहिले आहे तिथे बिलात ‘बदला’ झालेले असते, आणि ज्याचा तक्त्यात पत्ताच नाही ते ‘गाडीच्या आरोग्यासाठी’ म्हणून शेवटी जोडलेले असते.

तुमच्या कागदावरच्या ओळी मी याच नजरेने पाहिल्या.

कूलंट, म्हणजे इंजिन थंड ठेवणारे द्रव, बदलण्याचे १,३५० रुपये लावले आहेत. हल्ली अनेक कंपन्या कारखान्यातच दीर्घकाळ टिकणारे कूलंट भरून देतात आणि त्यांतली काही पहिल्या बदलापर्यंत लाख किलोमीटरच्याही पुढे चालतात. तुमच्या मॅन्युअलमध्ये जो आकडा असेल तो प्रमाण मानावा. तोवर टाकीतील पातळी पाहणे पुरेसे आहे. पातळी खाली गेली असेल तर मात्र त्याच जातीचे कूलंट घालायला सांगा. आपल्याकडचे बोअरिंगचे जड पाणी त्यात मिसळू देऊ नका. त्याने रेडिएटरमध्ये क्षार धरतात.

एसीचा गॅस बदलण्याचे २,२०० रुपये. या ओळीशी माझे जुने भांडण आहे. एसीमधील वायू बंद नळ्यांतून फिरत असतो. इंजिन ऑइलसारखा तो खराब होऊन दर वर्षी बदलावा लागत नाही. तो लक्षात येण्याइतका कमी झाला असेल तर कुठेतरी गळती आहे, आणि गळती न शोधता गॅस भरणे म्हणजे फुटक्या माठात पाणी ओतणे. माझ्या स्वतःच्या गाडीत एका अधिकृत सर्व्हिस सेंटरने लागोपाठ तीन उन्हाळे गॅस भरला आणि तीनदा बिल घेतले. चौथ्या वर्षी एका साध्या एसी मिस्त्रीने समोरची जाळी काढली आणि कंडेन्सरला खडा लागून पडलेले टाचणीएवढे भोक वीस मिनिटांत दाखवले. तुमचा एसी गार हवा देत असेल तर ही ओळ सरळ खोडा. गार करत नसेल तर आधी केबिन फिल्टर पाहा. तो बहुतेक गाड्यांत डाव्या बाजूच्या खणामागे असतो, खण उघडून हाताने काढता येतो, आणि पुरानंतर तो कोणी बदलला होता की नाही हे विचारण्यासारखे आहे.

इंजिन फ्लश (रसायनाने इंजिन आतून धुणे) आणि थ्रॉटल बॉडीची (इंजिनात जाणारी हवा कमीजास्त करणाऱ्या भागाची) सफाई यांचे मिळून १,८०० रुपये होतात. वेळच्या वेळी ऑइल बदललेल्या इंजिनाला फ्लशची गरज नसते. तुमच्या मॅन्युअलमध्ये तो शब्दही बहुधा सापडणार नाही. थ्रॉटलची सफाई ही खरी गोष्ट आहे, पण सिग्नलला गाडी उभी असताना इंजिन थरथरत असेल किंवा बंद पडत असेल तेव्हाची. तशी तक्रार तुम्ही पत्रात केलेली नाही. आतल्या सजावटीच्या सफाईचे आणखी १,८०० रुपये आहेत; ते तुमच्या हौसेवर सोडतो.

यादीतली सर्वात मोठी ओळ म्हणजे खालच्या पत्र्याला लेप देण्याचे ३,९०० रुपये, आणि ती मला सर्वात जास्त खटकली. तुमची गाडी पुराच्या पाण्यात उभी होती. सांध्यांत कुठे गंज धरला असेल तर त्याच्यावर लेप चढवल्याने ओल आतच कोंडते, गंज झाकला जातो आणि आतून वाढत राहतो. आधी गाडी लिफ्टवर चढवून टॉर्च घेऊन खालून पाहायला हवी, गंज असल्यास तो घासून काढायला हवा, मग लेपाचा विचार. एस्टिमेटमध्ये लेप आहे, पण तपासणी नाही.

हे सगळे वजा केले तर त्या चार बाबी आणि व्हील अलाइनमेंट-बॅलन्सिंगचे ९०० रुपये उरतात. एक्सप्रेसवेवर जाणाऱ्या गाडीला हे ९०० रुपये मी देईन, विशेषतः स्टिअरिंग एका बाजूला ओढत असेल किंवा पुढचे टायर कडेला जास्त झिजले असतील तर. ब्रेक पॅड मात्र दोघांनीही न दाखवताच बदलायला काढले आहेत. नवीन पॅडचा थर साधारण १० मिलिमीटरचा असतो आणि तो तीनच्या आसपास आला की बदलतात. चाक काढून पट्टी लावली की दोन मिनिटांत कळते. शहरात आणि एक्सप्रेसवेवर शांतपणे चालवणाऱ्या माणसाचे पॅड ३८,००० किलोमीटरलाही बरेच शिल्लक असू शकतात.

आता उलट बाजू, जी मला जास्त महत्त्वाची वाटते. दोन्ही कागदांवर जे नाही त्याकडे तुमचे लक्ष गेले नसावे. दोघांपैकी एकानेही ब्रेक फ्लुइड लिहिलेले नाही. हे तेल हवेतील ओल शोषून घेते, म्हणून बहुतेक कंपन्या ते दोन वर्षांनी किंवा ४०,००० किलोमीटरच्या सुमारास बदलायला सांगतात. आकड्यांत सांगायचे तर डॉट-३ प्रतीचे ताजे फ्लुइड २०५ अंश सेल्सिअसच्या आत उकळू नये असे मानक आहे. तेच ओल धरलेले असले तर ही हद्द १४० अंशांवर येते. पावागढच्या डोंगरावरून, माचीपासून खाली उतरताना पाय सतत ब्रेकवर राहिला की चाकाजवळ एवढी उष्णता तयार होऊ शकते. मग फ्लुइडमध्ये वाफेचे बुडबुडे होतात, पेडल खाली जाते आणि गाडी मात्र थांबत नाही. चार वर्षांची आणि त्यातून एक पूर पाहिलेली गाडी असताना कोणालाही ही ओळ सुचू नये आणि सीट धुण्याची मात्र सुचावी, यावरून त्या यादीची तुम्ही पारख करा. मागच्या चाकांचे ड्रम उघडून आतला गाळ आणि गंज पाहणे, चारही चाके उचलून फिरवून बेअरिंगचा आवाज ऐकणे, गालिच्याखालचे वायरिंगचे कनेक्टर हिरवे पडले आहेत का ते बघणे, ही कामेही पुरानंतरच्या गाडीला लागतात. त्यांना साहित्य जवळजवळ लागत नाही, लागतो तो वेळ.

म्हणून माझा सल्ला असा आहे की या खेपेची सर्व्हिस तुम्ही दांडिया बजारातल्या गॅरेजमध्ये करावी. ९५० रुपये वाचतात म्हणून मी हे म्हणत नाही. सेंटरमध्ये तुमची गाडी दाराआड जाते आणि तुम्ही वातानुकूलित खोलीत काचेपलीकडे बसता. तुमच्याशी बोलणारा मुलगा वेगळा, पाना फिरवणारा वेगळा, आणि बहुतेक ठिकाणी त्या बोलणाऱ्या मुलाला महिन्याला अमुक इतकी जादा कामे आणण्याचे उद्दिष्ट दिलेले असते. तो वाईट असतो असे नाही. त्याची नोकरीच तशी बेतलेली असते. गॅरेजमध्ये चाक निघते तेव्हा तुम्ही शेजारी उभ्या राहू शकता, आणि जो पाहतो तोच तुम्हाला सांगतो. तुमच्या गाडीला या घडीला असा पाहणारा माणूस हवा आहे.

मात्र गॅरेजवाला ओळखीचा आहे एवढ्यावर विसंबू नका. एकदा एका गॅरेजमध्ये घाईत असलेल्या पोऱ्याने माझ्या गाडीचा ऑइल काढायचा बोल्ट इतका आवळला की पुढच्या खेपेला आट्यांसकट बाहेर आला आणि तेलाचे तसराळेच बदलावे लागले. वाचवलेले पैसे त्यात गेले. तेव्हा तुमच्या गॅरेजवाल्याला पहिलाच प्रश्न विचारा की ऑइल कोणत्या ग्रेडचे घालणार. ‘सगळ्या गाड्यांत घालतो तेच’ असे उत्तर आले तर नमस्कार करून निघा. ‘मॅन्युअल दाखवा’ म्हणाला तर थांबा. हल्लीच्या छोट्या पेट्रोल इंजिनांना ०डब्ल्यू-१६ किंवा ०डब्ल्यू-२० सारखे अगदी पातळ ऑइल नेमून दिलेले असते, आणि जुन्या सवयीने दाट २०डब्ल्यू-४० ओतणारे हात अजून पुष्कळ आहेत. माझ्या मते तुम्ही ऑइलचा बंद डबा, दोन्ही फिल्टर आणि ब्रेक फ्लुइड कंपनीच्या सुट्या भागांच्या काउंटरवरून स्वतःच पक्क्या बिलाने घ्यावेत. पाकिटावर छापील किंमत असते, त्यामुळे भावाचा वाद उरत नाही, आणि नकली मालाची धास्तीही उरत नाही. २२ सप्टेंबर २०२५ पासून गाड्यांच्या सुट्या भागांवरचा जीएसटी सरसकट १८ टक्के झाला आहे. बिलात कुठे २८ दिसले तर विचारा. डबा तुमच्यासमोर फोडायला सांगा, निघालेले जुने भाग पिशवीत घालून घरी आणा, आणि गॅरेजवाल्याकडून तारीख, किलोमीटर आणि केलेले काम एवढे तरी कागदावर लिहून घ्या. पुढे गाडी विकायची झाली तर अधिकृत नोंदींच्या खालोखाल या कागदांचाच उपयोग होतो.

गॅरेजवाल्याकडे पदवी नाही, अशी शंका तुम्ही शेवटच्या ओळीत चाचरत मांडली आहे. ज्या बडोद्यात सयाजीराव महाराजांनी १८९० मध्ये कलाभवन काढून हाताच्या कामाला शाळेत बसवले, तिथे ही शंका मनात येणे स्वाभाविकच म्हणायचे. पण सेंटरमध्ये पाना फिरवणारा मुलगाही बहुधा आयटीआयचा दोन वर्षांचा मोटर मेकॅनिकचा अभ्यासक्रम करून आलेला असतो, अभियंता नसतो. ऑइल, फिल्टर, ब्रेक, सस्पेन्शन, क्लच, बॅटरी, टायर या कामांत मी हाताची सवय मोजतो.

काही कामे मात्र गॅरेजकडे नेऊ नयेत. एअरबॅग, एबीएसचा (जोरात ब्रेक दाबल्यावर चाके जाम होऊ न देणाऱ्या यंत्रणेचा) दिवा लागणे, किल्ली आणि इंजिनाच्या संगणकाशी संबंधित बिघाड यांना कंपनीचे निदान-यंत्र लागते. बाजारातले स्वस्त स्कॅनर इंजिनाचे सामान्य कोड वाचतात, पण कंपनीच्या खास प्रणालींत प्रत्येक वेळी शिरू शकत नाहीत. अंदाजाने एकामागून एक भाग बदलत गेले की गॅरेज सेंटरपेक्षा महाग पडते. दुसरे काम रिकॉलचे. कंपनीने एखादा सदोष भाग परत मागवला असेल तर तो वॉरंटी संपलेली असली तरी सेंटरमध्येच आणि फुकट बदलून मिळतो. आरसी-बुकावरचा १७ अक्षरांचा चासी क्रमांक कंपनीच्या संकेतस्थळावर घालून हे घरबसल्या पाहता येते. विम्याचे कॅशलेस कामही विमा कंपनीच्या यादीतल्या गॅरेजमध्येच होईल. विम्याचा विषय निघालाच आहे तर यंदाच्या पॉलिसीत ‘इंजिन प्रोटेक्ट’ आहे का ते पाहून घ्या. पाण्यात बंद पडलेली गाडी पुन्हा सुरू करायला गेल्याने इंजिन बसले तर साध्या पॉलिसीत तो खर्च बहुधा नाकारला जातो, आणि विश्वामित्री नदीच्या काठी राहणाऱ्याने ती जोखीम घेऊ नये.

सेंटरमधल्या मुलाच्या धमकीबद्दल थोडक्यात. तुमची वॉरंटी संपलेली आहे, त्यामुळे जाण्यासारखे काही उरलेलेच नाही. ती चालू असती तर मी तुम्हाला सर्व्हिस सेंटरमध्येच करा असे सांगितले असते, कारण वाढीव वॉरंटीच्या अटींत वेळच्या वेळी अधिकृत सर्व्हिस हे कलम बहुधा असते आणि एका नोंदीच्या अभावी मोठा दावा अडवला जाऊ शकतो. तत्त्व म्हणून पाहिले तर भारतीय स्पर्धा आयोगाने ऑगस्ट २०१४ मध्ये १४ मोटार कंपन्यांना मिळून २,५४४ कोटी रुपयांहून अधिक दंड करताना, बाहेरच्या गॅरेजमध्ये काम केले एवढ्याच कारणाने सरसकट वॉरंटी रद्द करू नये आणि सुटे भाग खुल्या बाजारात मिळावेत असे बजावले होते. कंपन्या अपिलांत गेल्या आणि प्रकरण लांबले, म्हणून काउंटरवर त्या आदेशाच्या भरवशावर भांडू नये. बिलात न सांगता जादा काम लावले गेले तर मात्र राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा १९१५ हा क्रमांक फिरवायला कचरू नका.

भाच्याचे म्हणणे मला अर्धेच पटते. बाई पाहून यादी लांबवतात हे मी पाहिले आहे, पण यादी न वाचणाऱ्या पुरुषाचीही तेवढीच लांबवतात. सेंटरमध्ये कधी जाल तेव्हा भाच्याला पुढे करू नका. मॅन्युअलच्या त्या पानाचा फोटो काढून न्या आणि ‘या स्तंभाप्रमाणे करा, याबाहेरचे काही करायचे असेल तर आधी फोन करा’ हे वाक्य जॉब कार्डावर लिहून घेऊन मगच सही करा. तोंडी सांगितलेले संध्याकाळपर्यंत कोणाच्या लक्षात राहत नाही.

सर्वात निकडीची गोष्ट मुद्दाम शेवटी ठेवली आहे, कारण सेंटर की गॅरेज या वादाशी तिचा संबंध नाही. तुमच्या डिकीतल्या सीएनजी टाकीची दर तीन वर्षांनी दाबाची चाचणी करावी लागते, तिला हायड्रो टेस्ट म्हणतात. गाडी नोव्हेंबर २०२१ ची आहे, म्हणजे पहिली चाचणी २०२४ च्या अखेरीपर्यंत, पुरानंतर काही महिन्यांतच व्हायला हवी होती. तुमच्या पत्रात आणि दोन्ही कागदांत तिचा उल्लेख नाही. टाकीची तारीख तिच्या प्रमाणपत्रावर आणि गाडीत लावलेल्या छोट्या धातूच्या पट्टीवर असते. पंपावर ती पाहिल्याशिवाय गॅस भरू नये असा नियम असला तरी गर्दीत प्रत्येक जण पाहतोच असे नाही. आज संध्याकाळीच डिकी उघडून पट्टी वाचा, आणि टाकी बांधणाऱ्या पट्ट्यांना व तिच्या खालच्या चौकटीला पुराच्या पाण्याचा गंज लागला आहे का तेही पाहा. तारीख उलटली असेल तर चाचणी सरकारमान्य केंद्रातच करून घ्या, गळतीची तपासणी आणि सीएनजीचा फिल्टर त्याच वेळी सर्व्हिस सेंटरमधून करून घ्या, आणि हे होईपर्यंत टाकीची झडप बंद करून गाडी पेट्रोलवर चालवा. अहमदाबादची या महिन्याची फेरीसुद्धा.